ड्रेडलॉक्स : नव्या बटांची निगा

डोक्यावरचे केस चौकोनी खान्यांत पाडून, प्रत्येक खान्यातले केस मुद्दाम एकमेकांत गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा म्हणजे ड्रेडलॉक्स. १९३०च्या दशकात जमैकात उदयाला आलेल्या रास्ताफारी पंथामुळे हा प्रकार जगभर ओळखला गेला. नव्या बटांना पक्के व्हायला साधारण वर्ष लागते. सरळ, गुळगुळीत केसांत त्याहून जास्त. निगा लागते ती याच काळात.

कोल्हापूर भागात अशा बटांना सर्रास ‘जट’ म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. केस विंचरले नाहीत, तेल-घाम-मळ साचला की जट आपोआप धरते. तिला खाने नसतात, मुळाशी ती घोंगडीसारखी सलग असते आणि खालची टाळू धुता येत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे म्हणून जट राखण्याची आणि त्यावरून मुलीला देवीला सोडण्याची चाल सीमाभागात होती. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात १९८२ चा आणि महाराष्ट्रात २००५ चा कायदा झाला, तर अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते समजूत घालून जटा कापत आले आहेत. ड्रेडलॉक्समध्ये प्रत्येक बट मुळापासून सुटी असते आणि दोन बटांमधली टाळू दिसते, हा ओळखण्याचा सोपा फरक. कोल्हापुरातल्या ओढ्यावरच्या रेणुका मंदिराच्या आंबील यात्रेत अशा डोक्याला जट समजून भंडारा लावायला कुणाचा हात पुढे आला, तर नमस्कार करून कपाळ पुढे करावे. कोरडी पूड बटेत बसली की लवकर निघत नाही.

बांधणीसाठी केस किमान १५ सेंमी. लांब हवेत. खाने २ ते २.५ सेंमी. बाजूचे, विटांच्या बांधकामासारखे सांधा चुकवून पाडतात, म्हणजे भांगाच्या सरळ रेघा उघड्या पडत नाहीत. बारीक फणीने केस टोकाकडून टाळूकडे उलटे दाबत नेतात आणि सुटलेले केस ०.५ ते ०.७५ मिमी. जाडीच्या क्रोशाच्या सुईने आत ओढतात. केसाच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात, ते एकमेकांत अडकतात म्हणून गुंता टिकतो. तेल आणि कंडिशनर हे खवले बसवून केस निसरडे करतात, त्यामुळे नव्या बटांना दोन्ही वर्ज्य. खोबरेल चोपडल्याशिवाय डोके शांत होत नाही असे मानणाऱ्या घरात ही गोष्ट पटवणे अवघड जाते. मेणही नको. ते धुतल्याने निघत नाही, धूळ धरते आणि बटेच्या गाभ्यात पाणी कोंडते. टाळू फारच कोरडी पडली तर कोरफडीचा ताजा गर बोटाच्या टोकाने फक्त टाळूला लावून पुढच्या धुण्यात काढावा.

पहिले तीन-चार दिवस टाळू ताठल्यासारखी वाटते. आठवड्यानंतरही बट हलवताच मूळ दुखत असेल, मुळाशी पुळ्या किंवा पांढरे ठिपके दिसत असतील, तर बांधणी जास्त आवळली आहे. अशा वेळी बटा वर बांधू नयेत आणि मुळाचा ताण सोडवून घ्यावा. सततच्या ओढीने कपाळाच्या कडेचे केस गळतात, आणि ओढ वर्षानुवर्षे चालली तर ते परत येत नाहीत.

पहिली धुणी सात ते चौदा दिवसांनी, पुढे आठवड्यातून एकदा. ‘धुतले तर सुटतात’ ही समजूत उलटी आहे, कारण स्वच्छ केस जास्त घट्ट धरतात. कंडिशनर नसलेला साधा शाम्पू एकास चार-पाच भाग पाण्यात पातळ करून बाटलीने बटांच्या ओळींमधल्या टाळूवर सोडावा आणि बोटांच्या पेरांनी चोळावा. बटा चोळू नयेत, फेस त्यांवरून वाहू द्यावा. पिळलेले पाणी नितळ येईपर्यंत धुवावे. रिठ्याचे पाणी चालते, मात्र फडक्यातून दोनदा गाळून. शिकेकाईची पूड मात्र आत अडकून कण्या होतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका राहतो, तिथे शेवटचा तांब्या पावसाच्या पाण्याचा घ्यावा.

धुण्यापेक्षा वाळवणे महत्त्वाचे. प्रत्येक बट मुळाकडून टोकाकडे मुठीत पिळावी, मग जुन्या, मऊ झालेल्या सुती पंच्याने टिपावी. टर्किशच्या टॉवेलचे तंतू बटेत जातात आणि वर्षभराने राखाडी गोळ्यांसारखे दिसतात. बाहेरून कोरडी लागणारी बट आत ओली असू शकते. मधोमध चिमटीत दाबून ओठाला लावावी, गार लागली तर ओल आहे. जून ते सप्टेंबरच्या झडीत तर सकाळीच धुवून पंख्याखाली बसावे आणि वर मध्यम उष्णतेचा ड्रायर फिरवावा. ओल्या बटा बांधून, हेल्मेट चढवून बाहेर पडणारा माणूस चार-सहा आठवड्यांत ओल्या गोणपाटाचा वास घेऊन फिरू लागतो. तो वास बुरशीचा असतो आणि अत्तराने झाकला जात नाही. सुरुवातीलाच लक्षात आले तर २ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून १५ मिनिटे बटा बुडवाव्यात, नंतर पाण्यात दहास एक व्हिनेगर मिसळून खळबळून काढाव्यात. सोडा केस खरखरीत करतो, म्हणून वर्षातून दोनदा पुरे. काळी बुरशी आतपर्यंत गेली असेल, तर ती बट कापणेच बरे.

कोल्हापुरात बटांची खरी परीक्षा गुलालाची. जोतिबाची चैत्र यात्रा, गणपती विसर्जन, निवडणुकीची मिरवणूक आणि रंगपंचमी. पिठूळ गुलाल पाण्याने चिकट होऊन आत बसतो, म्हणून आधी डोके खाली करून झटकावे, ड्रायरच्या गार हवेने उडवावे, मगच पाणी घ्यावे. त्याहून सोपे म्हणजे जाताना सुती फडके दुहेरी गुंडाळावे. उसात पाला काढायला उतरतानाही तेच करावे, पानाच्या देठाकडची कूस बटेत शिरली की चिमट्याने एकेक वेचावी लागते.

केस महिन्याला साधारण १ सेंमी. वाढतात आणि मुळाशी सुटे केस जमतात. प्रत्येक धुण्यानंतर शेजारच्या दोन बटा दोन हातांत धरून टाळूपर्यंत फाडून वेगळ्या कराव्यात. एक महिना हे केले नाही, तर मुळे जोडली जाऊन जटेचीच तयारी होते. वेगळी केल्यावर बट तळव्यांत धरून वात वळतात तशी वळावी. सुईचे काम चार ते सहा आठवड्यांनी एकदा. हौसेने दर दोन दिवसांनी सुई चालवली, तर केस तुटून मुळाशी बट दोऱ्याएवढी बारीक होते आणि स्वतःच्याच वजनाने गळते. मधेच बाहेर आलेले फासे, नागमोडी वळणे आणि सुजलेल्या गाठी पहिल्या सहा महिन्यांत येतातच. त्यांना फार हात लावू नये.

कोंड्यावर २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू पाच मिनिटे ठेवून नीट धुवावा. उवा झाल्या तर लिखाची फणी चालत नाही. १ टक्के परमेथ्रिन लोशन लावून नवव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा लावावे लागते.

बटा सोडवायच्या ठरल्या, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत कात्री लागत नाही. भरपूर कंडिशनर लावून टोकापासून थोडे थोडे वर सरकत फणीने उकलतात. त्या वेळी हातात केसांचा मोठा पुंजका येतो आणि टक्कल पडल्याची भीती वाटते. प्रत्यक्षात ते रोजचे ५० ते १०० गळते केस असतात, खाली पडायला वाट न मिळाल्याने इतके दिवस बटेतच थांबलेले.