नाथसागराचा काठ (पैठण, मराठवाडा)

पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण बांधलं, त्याच्या मागं जे पाणी साठतं त्याला संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात, आणि त्या पाण्याचा काठ हा या नोंदीचा विषय. नदीच्या डाव्या अंगाला पैठण आणि गंगापूर तालुका, उजव्या अंगाला पलीकडं अहिल्यानगर जिल्ह्यातले शेवगाव आणि नेवासा. मराठवाड्यातल्या एकाही जिल्ह्याला समुद्र लागत नाही, त्यामुळं धरणाच्या भिंतीवर उभं राहून पश्चिमेकडं बघितलं, की समोरचा काठ नजरेत येत नाही आणि पाणी सरळ आभाळाला टेकतं, हे दृश्य इथल्या माणसासाठी फार मोठं आहे. गंगथडीतल्या कितीतरी लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा अथांग पाणी बघितलं ते इथंच. (गोदावरीला इकडं सगळे गंगाच म्हणतात.)

छत्रपती संभाजीनगरहून पैठण साधारण ५० किमी. धरण, उद्यान, नाथमंदिर हे एका दिवसात होतं आणि बहुतेक लोक तेवढंच बघून परत जातात, पण खरा काठ तिथं नाहीच, तो वरच्या अंगाला बॅकवॉटरला, म्हणजे धरणामागं लांबवर तुंबलेल्या पाण्याला आहे.

धरण इथंच का

जायकवाडी हे गाव पैठणजवळ नाही, ते बीड जिल्ह्यात आहे, आणि धरणाला हे नाव कसं लागलं याचा उलगडा हैदराबाद संस्थानाच्या काळातल्या योजनेत सापडतो. त्या योजनेत गोदावरीवरचं धरण जायकवाडी गावाजवळ होणार होतं असं जवळपास सगळे अभ्यासक मानतात. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जागा नदीच्या वरच्या अंगाला, पैठणला सरकली, पण कागदावर चढलेलं नाव तसंच राहिलं. जागा का बदलली याबद्दल मात्र दोन मतं ऐकायला मिळतात. एक म्हणजे हा राजकीय निर्णय होता, कारण तेव्हाचे पाटबंधारे मंत्री शंकरराव चव्हाण, जे पुढं मुख्यमंत्री झाले, त्यांचा जन्म पैठणचा आणि प्रकल्पामागं त्यांचा जोर मोठा होता. दुसरं मत इंजिनियर लोकांचं, की जागा जितकी वर आणि उंचावर घ्याल तितकी जास्त जमीन कालव्याखाली येते, पाणी उताराउतारानं आपोआप जातं. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण कालव्यांचा पल्ला बघितला की हिशोब लागतो, डावा कालवा २०८ किमी, जालना आणि परभणीपर्यंत जातो, उजवा १३२ किमी, बीड जिल्ह्यातून माजलगावच्या धरणाकडं. खालच्या जागेवरून एवढं क्षेत्र नुसत्या उतारावर भिजवणं अवघड होतं. शंकररावांचा आग्रह खराच, पण तो आग्रह आणि हा उतार एकमेकांच्या आड येत नाहीत.

भूमिपूजन १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं, आणि लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते, तेव्हा मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणच होते. या जागेची किंमत ज्यांनी दिली ती माणसं वेगळी. शंभराच्या वर गावं पूर्ण किंवा अर्धवट पाण्याखाली गेली, आणि गेली ती गंगथडीची काळीभोर, मराठवाड्यातली सगळ्यात चांगली जमीन. काठावरची आजची बरीच गावं म्हणजे वर सरकून पुन्हा वसवलेली गावं आहेत, जुन्या गावठाणाची आठवण सांगणारी पिढी आता कमी होत चालली आहे.

लांबी, रुंदी आणि एक जुना घोळ

जवळपास प्रत्येक माहितीफलकावर आणि पुस्तकात नाथसागर ५५ किमी लांब आणि २७ किमी रुंद असं लिहिलेलं असतं, आणि त्याच ओळीत पाण्याचं क्षेत्र सुमारे ३५० चौरस किमी. हे तिन्ही आकडे एकत्र वाचले की गडबड लक्षात येते. ५५ ला २७ नं गुणलं तर चौदाशेच्या वर चौरस किमी होतात. उलट ३५० ला ५५ नं भागलं तर सरासरी रुंदी साडेसहा किमीच्याही आत येते. म्हणजे २७ हा आकडा घ्यायचाच तर तो एखाद्याच ठिकाणचा, जिथं पाणी बाजूच्या नद्यानाल्यांत आडवं शिरतं तिथला, जास्तीत जास्त पसारा म्हणूनच घेता येतो. क्षेत्राचा आकडा सर्व्हेवर उभा आहे म्हणून तो धरून चालणं बरं, रुंदीचा फक्त एकमेकांचं बघून उतरवलेला वाटतो.

याच हिशोबातून दुसरी एक गोष्ट निघते आणि काठ समजायला तीच महत्त्वाची. एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसीपेक्षा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) थोडा जास्त, त्यातला जिवंत, म्हणजे एरवी वापरता येणारा साठा साधारण ७६ टीएमसी आणि तळाशी राहणारा मृतसाठा २६. आता हा साठा ३५० चौरस किमीवर पसरवला तर सरासरी खोली भरते सव्वाआठ मीटर. धरणाची उंची ४१ मीटर, भिंत जवळजवळ दहा किमी लांब, आणि आत पाणी सरासरी सव्वाआठ मीटर! कोयनेसारखी दरी इथं नाहीच, जमीन सपाट, म्हणून पाणी खोल न जाता पसरत गेलं. नाथसागर परातीतल्या पाण्यासारखा आहे, जरा कमी झालं की कडा लगेच उघडी पडते.

सरकता काठ

पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. पैठण, गंगापूरकडं लोक अजूनही फुटातच बोलतात, ऑगस्ट-सप्टेंबरात चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न 'किती टक्के झालं' आणि दुसरा 'दरवाजे कधी उघडणार'. दरवाजे २७ आहेत. पातळी भरली की पाणी शेतांच्या बांधापर्यंत येतं, बाभळी अर्ध्या बुडतात, आणि बॅकवॉटरच्या गावांना तीन बाजूंनी पाणी लागतं. मग जानेवारीपासून काठ मागं हटायला लागतो, आणि उतार इतका कमी की पाणी एखादा फूट खाली गेलं तरी चिखलाचा पट्टा लांबच लांब उघडा पडतो. मे महिन्यात तर सप्टेंबरात जिथं पाणी होतं तिथून कित्येक ठिकाणी मैलभर चालावं लागतं. समुद्राला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, नाथसागराला वर्षातून एकदा, आणि ओहोटी किती मोठी होणार ते नाशिक आणि नगरकडं पाऊस किती पडला यावर.

या उघड्या पडलेल्या जमिनीवर जी शेती होते तिला गाळपेर म्हणतात. पाणी मागं जाईल तसं हरभरा, ज्वारी, टरबूज, मका असं काय काय घेतात, खत फारसं लागत नाही कारण गाळ ताजा असतो. शेतकरी पाण्याच्या मोटारी खांद्यावरून, ट्रॅक्टरवरून पुढं सरकवत नेतात, मागं पाइप जोडत जातात, केबल वाळक्या फांद्यांच्या मेढींवर टेकवलेली असते, आणि उन्हाळ्याच्या शेवटी अशा काळ्या पाइपांच्या लांबच लांब रांगा गावाकडून पाण्याकडं गेलेल्या दिसतात. जिथं पेर होत नाही तिथं बेशरम आणि वेडी बाभूळ माजते.

दुष्काळात हा काठ फार विदारक होतो. २०१२-१३ ला आणि पुन्हा २०१५-१६ ला जिवंत साठा संपून मृतसाठ्यातून पाणी उपसावं लागलं, संभाजीनगर शहर, जालना, एमआयडीसी सगळ्यांची तहान याच पाण्यावर. वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद तेव्हा पेटला, तो अजून पूर्ण मिटलेला नाही. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा समन्यायी वाटप सांगतो, आणि हे वाटप कसं करायचं ते सांगणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रावरून १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असलं तर वरून सोडायचं असा हिशोब ठरला. काठावरून बघणाऱ्याला यातलं एकच कळतं, की ऑक्टोबरात पाणी कुठवर आलंय. उलट टोक म्हणजे ऑगस्ट २००६, तेव्हा सोडलेल्या पाण्यानं खाली पैठण गावात पूर आला होता.

लाटा

ज्यांनी हिवाळ्यातच नाथसागर बघितलाय त्यांना लाटांबद्दल सांगितलेलं खोटं वाटतं. पण पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून सुटतो, धरण जलाशयाच्या पूर्वेच्या टोकाला, आणि मधे अडवायला डोंगर नाही की झाडी नाही, म्हणून कित्येक किमी मोकळ्या पाण्यावरून आलेला वारा लाटा घेऊन थेट भिंतीवर येतो. मातीच्या भिंतीला पाण्याच्या अंगानं जे दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर केलंय ते याच माऱ्यासाठी. अशा दिवशी मच्छीमार आत जात नाहीत.

जुना पैठण आणि खरा समुद्र

पैठणचा खऱ्या समुद्राशी संबंध धरणाच्या कितीतरी आधीचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, साधारण मध्यावरचा मानला जाणारा 'पेरिप्लस' हा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो की गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, पैठणहून गोमेदासारखे दगड गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचला जातात आणि तगरहून कापड. तगर कुठलं यावर गेल्या दीडशे वर्षांत भरपूर लिहिलं गेलंय, कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर, भांडारकरांचा कल धारूरकडं होता, शेवटी फ्लीटनी धाराशिव जिल्ह्यातलं तेर मांडलं आणि आज तेच बहुतेक मान्य आहे. दिशेची अडचण राहते, कारण तेर पैठणच्या सरळ पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे, पण तेरला रोमन व्यापाराच्या खुणा असलेल्या इतक्या वस्तू सापडल्यात की ती अडचण सोडून देण्यासारखी आहे. मुद्दा असा की सातवाहनांच्या पैठणला समुद्र वीस दिवस लांब होता आणि तरी बाजार त्याच्यावर चालायचा.

पक्षी

१९८६ मध्ये जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, क्षेत्र सुमारे ३४० चौरस किमी. उथळ पाणी आणि चिखल हीच पक्ष्यांची खरी सोय, खोल धरणावर एवढी गर्दी होत नाही. नोव्हेंबरपासून चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, पट्टकादंब, कांड्या करकोचा येतात, आणि चिखलाचे पट्टे नीट उघडले असतील त्या वर्षी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. सोनेवाडी, एरंडगाव ही त्यातली माहितीची ठिकाणं. समुद्राची आठवण करून देणारे कुरव आणि सुरयही इथं असतात, नदी सुरय तर इथलाच, तो उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर जमिनीवरच अंडी घालतो, आणि म्हणून त्या बेटांवर मोटारी, गुरं आणि हौशी फोटोवाले यांनी जरा लांबच राहावं. गाळपेरीतल्या फवारणीचा त्रास पक्ष्यांना होतो हे खरं, पण गाळपेर करणारे बरेचसे धरणग्रस्तच आहेत, त्यामुळं सरसकट बंदी घाला म्हणणं सोपं आणि अन्यायाचं.

काठावरची ठिकाणं

वरच्या टोकाला कायगाव टोका, तिथं प्रवरा गोदावरीला मिळते, पुणे-संभाजीनगर हायवेचा पूल तिथूनच जातो आणि पलीकडं प्रवरासंगम. दोन्ही काठांवर जुनी दगडी देवळं आणि घाट आहेत, टोक्याच्या सिद्धेश्वराच्या देवळाचं कोरीवकाम थांबून बघण्यासारखं आहे, बांधकाम साधारण अठराव्या शतकातलं धरतात. खालच्या टोकाला धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावनच्या धर्तीवर केलेलं संत ज्ञानेश्वर उद्यान. १२ मेगावॅटचं जलविद्युत केंद्रही पायथ्याशीच आहे, त्याची यंत्रं उलटी फिरवून खालचं पाणी पुन्हा वर चढवता येतं. त्याच्या पुढं पैठण गाव, नाथांची समाधी, नागघाट. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते आणि दिंड्या धरणावरून दिसणाऱ्या सगळ्या रस्त्यांनी येतात.

मासेमारी

कहार, भोई समाजाची कुटुंबं या पाण्यावर जगतात. रोहू, कटला, मृगळ सोडलेले मासे, बाकी मरळ, वाम, आणि आता चिलापी फार. बरेच जण अजूनही थर्माकोलच्या चप्पूवर बसून हातानं वल्हवत जाळी टाकतात. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची पोरं अशाच थर्माकोलवरून पाणी ओलांडून शाळेत जातात ही बातमी २०२३ मध्ये आली आणि औरंगाबाद खंडपीठानं तिची स्वतःहून दखल घेतली. जलाशयावर तरंगत्या सौर पॅनलचा प्रकल्प आखला गेला तेव्हा त्याविरुद्ध मच्छीमारांची संघटना कोर्टात गेली होती.