ठळक अक्षराच्या पोटातली पांढरी जागा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या जुन्या अडत दुकानाचं बिलबुक हाती लागलं, तर त्यावरची इंग्रजी अक्षरं निरखून बघा. जाड दंड आणि त्यांच्या पायाशी दोन्हीकडं निघालेली ठोकळेबाज टोकं. या टोकांना सेरिफ म्हणतात. टोक दंडाला थेट काटकोनात न भिडता जराशी गोलाई घेऊन मिळत असेल, तर ते अक्षर बहुधा क्लॅरेंडन नावाच्या ठळक छपाई-अक्षराच्या घराण्यातलं.

क्लॅरेंडन लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत, म्हणजे छपाईचे खिळे ओतण्याच्या कारखान्यात, रॉबर्ट बेस्ली यांनी 1845 मध्ये आणलं. ठसे कोरले बेंजामिन फॉक्स यांनी. जाहिरातींसाठी लठ्ठ अक्षरं त्याआधीही होती. क्लॅरेंडन मात्र साध्या मजकुराच्या ओळीतच शेजारी बसायचं. शब्दकोश उघडला की मूळ शब्दावर नजर पडावी, हे त्याचं काम. आपण आज सहज 'बोल्ड कर' म्हणतो, ती सवय इथली. नक्कल होऊ नये म्हणून केलेल्या नोंदणीचं संरक्षण 3 वर्षांचंच होतं. ते संपताच भराभर नकला निघाल्या.

पण अक्षर जाड करायचं कसं? इंग्रजी लहान 'ए' घ्या. त्याच्या छोट्याशा उंचीत वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या रेघा मावायला हव्यात. उभा दंड जाड केला तर अक्षर थोडं रुंद करता येतं, उंची मात्र ठरलेली. म्हणून आडव्या रेघा बारीक ठेवाव्या लागतात. शिवाय सारख्याच जाडीची आडवी रेघ डोळ्याला उभीपेक्षा जाड भासते.

सांगलीतल्या एका जुन्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळारीकाकांनी 12 पॉइंटचा, म्हणजे जेमतेम 4 मिलिमीटरचा, ठळक 'ष' माझ्या तळहातावर ठेवला. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा खिळा. अँटिमनीमुळं मऊ शिशाला टणकपणा येतो. भिंगातून पाहिलं, तर पोटातल्या तिरक्या रेघेच्या एका बाजूचा कप्पा वाळलेल्या शाईनं भरलेला. ''शाई जरा जास्त झाली की पहिल्यांदा ह्याचंच पोट बुजतं बघा,'' काका म्हणाले. खिळा कागदावर दाबला की शाई कडेनं बाहेर सरकते आणि रेघ आणखी फुगते. ती फुगणार हे धरूनच कोरणाऱ्यानं आतली पांढरी जागा राखायची. मला तरी खरं कसब तिथंच दिसतं.

देवनागरीला सेरिफ नाहीत. तिचा जाडबारीकपणा बोरूच्या तिरक्या छाटातून आला. पण जागेची अडचण तिला जास्तच. वर मात्रा-रफार, खाली उकार, मध्ये 'द्ध'सारखी दाटी. शेजारच्या मिरजेत 1805 साली भगवद्गीता छापली, ती तांब्याच्या पत्र्यांवर सबंध पानं कोरून. तिथं जोडाक्षराला हवी तेवढी जागा हातानं देता येई. सुट्या खिळ्यांत ती मुभा नाही.

संगणकावर फाँटचा खरा ठळक प्रकार नसला, तर पुष्कळदा रेघेला चहूबाजूंनी सारखीच सूज दिली जाते. लग्नपत्रिका छापायला देण्याआधी 'ष', 'क्ष' आणि 'द्ध' तेवढे ठळक, लहान आकारात छापून मागवा. 'ष'चे दोन्ही कप्पे उघडे दिसतात का, ते बघा.