पार्श्वभूमी : ‘एकल-अणू’ या नावाचा घोळ

सोलापुरी चादर जॅकार्ड मागावर चढण्याआधी तिची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरते. मग पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडतात आणि कोणता उभा धागा उचलायचा ते ठरतं. पाण्यातून विजेने हायड्रोजन काढायचा तर अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ, म्हणजे उत्प्रेरक, लागतो; तोही हल्ली असाच आधी संगणकावर मांडला जातो. सोलापुरात बसून प्रकल्प करणाऱ्याला प्लॅटिनमसारखा महागडा उत्प्रेरक परवडणार नाही, पण हे गणित करता येतं.

पाया 1964 आणि 1965 चा : इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढणारी गणितपद्धत, डीएफटी (डेन्सिटी फंक्शनल थिअरी). 2005 मध्ये एक सोपी मोजपट्टी हाती आली. हायड्रोजन पृष्ठभागाला ना घट्ट, ना सैल चिकटावा. म्हणजे चिकटताना होणारा मुक्त ऊर्जेतला फरक शून्याजवळ असावा. डीएफटीने काढलेल्या बंधऊर्जेत 0.24 इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) मिळवले की अंदाज तयार. प्लॅटिनम या कसोटीला उतरतं.

‘एकल-अणू उत्प्रेरक’ हे नाव रुळलं ते 2011 पासून. त्या प्रयोगात लोहाच्या ऑक्साइडवर प्लॅटिनमचे सुटे अणू होते आणि अभिक्रिया कार्बन मोनॉक्साइडच्या ऑक्सिडीकरणाची होती. हायड्रोजनवाले नंतर आले.

घोळ नावातच आहे. संगणकावरचं नेहमीचं मॉडेल पाहा. ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एक अणू जाडीच्या थराच्या, जाळीतून शेजारचे दोन कार्बन काढायचे, खड्ड्याच्या काठावरच्या चार कार्बनच्या जागी नायट्रोजन ठेवायचे आणि मधोमध कोबाल्ट बसवायचा. हा कोबाल्ट एकटा कुठे आहे? त्याला चार नायट्रोजननी धरलंय. आणि त्याला धातू तरी कसं म्हणायचं? धातूपण हा अणूंच्या घोळक्याचा गुण. इथे आहे ते संकुल, म्हणजे भोवतालच्या अणूंनी बांधून धरलेला धातूचा अणू; रक्ताच्या हीममधल्या लोहाच्या जातीचं.

तरीही धातूच्या पृष्ठभागासाठी बनलेली मोजपट्टी इथे जशीच्या तशी लावली गेली. माझ्या मते ही घाई होती. पृष्ठभागावर शेजारच्या जागांवरचे दोन हायड्रोजन एकमेकांना भेटू शकतात. इथे जागाच एक. 2021 मधल्या गणितांनी दाखवलं, की दोन्ही हायड्रोजन एकाच अणूवर बसू शकतात, कधी तर अख्ख्या रेणूच्या रूपात. अख्खा हायड्रोजन रेणू धरणारी अशी संकुलं अकार्बनी रसायनशास्त्राला 1984 पासून ठाऊक आहेत. एका हायड्रोजनच्या आकड्यावर लावलेल्या चाळणीतून चांगला उमेदवार गळू शकतो आणि वाईट आत राहू शकतो.

जानेवारी 2023 मध्ये केंद्राने हरित हायड्रोजनसाठी 19,744 कोटी मंजूर केले. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलं. त्यामुळे अशा चाळणीतून निघणाऱ्या उमेदवारांच्या याद्यांना आता वजन आलंय. म्हणूनच गणितात दुसरा हायड्रोजन धरायला हवा, भोवतालचं पाणी आणि विद्युतदाबही. शिवाय कोबाल्ट त्या चार नायट्रोजनांमध्ये टिकतो की आम्लात सुटून जातो, हेही तपासायला हवं.