गळतीचं पाणी जातं कुठे?

१९८० साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला असलेल्या इंपीरियल खोऱ्यात एका शेतकऱ्याने सरकारदरबारी तक्रार केली. त्याचं रान सॉल्टन सी या खाऱ्या तळ्याच्या काठी होतं आणि तळं चढत चढत त्याची जमीन गिळत होतं. वर्षाला जेमतेम ७५ मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या वाळवंटात जमीन पाण्याखाली जाते, म्हणजे पाणी आकाशातून आलेलं नव्हतं. ते वरच्या शेतांतून निथळून येत होतं. १९८४ मध्ये राज्याच्या पाणी मंडळाने निकाल दिला : खोऱ्यातली सिंचन संस्था पाण्याची नासाडी करते आहे.

आज तेच तळं आटतंय. उघड्या पडलेल्या तळाची बारीक धूळ आसपासच्या गावांत उडते आणि लोकांची तक्रार आता उलटी आहे : तळ्यात पाणी का येत नाही?

मुळात हे तळंही पाटाच्याच चुकीतून झालेलं. कोलोरॅडो नदीचं पाणी १९०१ मध्ये कालव्याने या खोऱ्यात आणलं गेलं. १९०५ मध्ये नदी कालव्याच्या तोंडातून फुटली आणि जवळजवळ दोन वर्षं समुद्राकडे जायचं सोडून तळ समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ मीटर खाली असलेल्या या खळग्यात रिकामी होत राहिली. पुढे ते पाणी वाफ होऊन संपायला हवं होतं. संपलं नाही, कारण शेतांचा निचरा त्याला पोसत राहिला.

एवढा निचरा कशासाठी? इथे दोष शेतकऱ्याच्या आळसाला देणं सोपं आहे, पण खरं कारण मीठ. कोलोरॅडोच्या पाण्यात खोऱ्यापर्यंत पोचेतो लिटरमागे साधारण पाऊण ग्रॅम क्षार असतात. पिताना जेमतेम जाणवतील इतकेच. पण लसूणघासासारख्या पिकाला या उन्हात वर्षभरात दोन मीटर उंचीचं पाणी लागतं, म्हणजे एकरी सुमारे आठ हजार घनमीटर. हिशेब मांडला तर एकरी सहा टनांच्या आसपास मीठ दरसाल शेतात येतं! पीक पाणी पितं आणि पानांवाटे हवेत सोडतं. मीठ मागे मातीतच राहतं. ते मुळांच्या खाली ढकलायचं तर गरजेपेक्षा थोडं जास्त पाणी द्यावंच लागतं, आणि ते खारं पाणी बाहेर काढायला जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकाव्या लागतात. या खोऱ्यात अशा नळ्यांचं हजारो किलोमीटरचं जाळं आहे. निचरा बंद केला तर काही वर्षांत जमीन चोपण होईल.

म्हणून पाण्याचा ताळेबंद मांडताना दोन रकाने वेगळे ठेवायला हवेत. पिकाने हवेत सोडलेलं पाणी खोऱ्यापुरतं खरंच गेलं. शेतातून पाझरलेलं, पाटातून झिरपलेलं पाणी मात्र फक्त जागा बदलतं. ते खालच्या विहिरीत, तळ्यात, नाहीतर पुढच्या गावाच्या ओढ्यात निघतं. ठिबक बसवलं, पाटाला अस्तर केलं, की घटतो तो मुख्यतः हा दुसरा रकाना. आणि 'वाचलेलं' पाणी नव्या रानाला दिलं, तर पहिला रकाना फुगतो. एकेका शेताची कार्यक्षमता वाढते आणि खोरं जास्त कोरडं पडतं. आकडे लपवलेले नसतात, फक्त शेताच्या बांधापाशी मोजणी थांबलेली असते.

इंपीरियल खोऱ्यात ही मोजणी पैशांत झाली. अमेरिकेच्या पश्चिमेकडे पाण्याचा कायदा साधा आहे : जो आधी आला त्याचा हक्क आधी. हे शेतकरी आधी आले, म्हणून वर्षाला सुमारे १३५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी त्यांच्या नावावर आहे. हिवाळ्यात अमेरिकेच्या पानात पडणारी हिरवी पालेभाजी बरीचशी याच खोऱ्यातून आणि शेजारच्या ॲरिझोना राज्यातल्या युमामधून जाते. नंतर वाढलेल्या शहरांकडे पैसा होता, हक्क नव्हता. २००३ मध्ये करार झाला. खोऱ्याने पाणी वाचवायचं, त्यातलं पावणेनऊ टीएमसीपर्यंत पाणी दरवर्षी सॅन दिएगोला विकायचं. सुरुवातीची वर्षं बरंचसं पाणी चक्क रानं पडीक ठेवून काढलं गेलं. पडीक रानाचा मोबदला मिळतो, पण तो जमिनीच्या मालकाला. खुरपणी-काढणीला येणारे मजूर, त्यातले कितीतरी पहाटे मेक्सिकोच्या मेहिकाली शहरातून सीमा ओलांडून येतात, बियाणेवाला, ट्रॅक्टरवाला, यांच्याकडे हक्काचा कागद कुठला? तळ्यासाठी म्हणून काही पाणी वेगळं सोडायची तरतूद होती. ती २०१७ अखेर संपली.

सीमेपलीकडची गोष्ट याहून गमतीची आहे. गमतीची म्हणजे दुरून पाहणाऱ्याला. या खोऱ्यात पाणी आणणारा ऑल-अमेरिकन कालवा सीमेला चिकटून वाळूतून जातो. त्याची गळती मेक्सिकोच्या बाजूला झिरपायची आणि मेहिकालीच्या शेतकऱ्यांच्या विहिरी भरायची. अमेरिकेने ३७ किलोमीटरला नवा काँक्रीटचा कालवा करायचं ठरवलं; वर्षाला तीन टीएमसी वाचणार होते. मेक्सिकोच्या बाजूने विरोध झाला, खटला झाला, पण २००७ मध्ये काम सुरू झालं आणि पूर्णही झालं. कागदावर ही बचत आहे. मेहिकालीच्या विहिरींवर तीच तूट आहे.

या दोन देशांत १९४४ चा करार आहे : मेक्सिकोला वर्षाला कोलोरॅडोचं सुमारे ६५ टीएमसी पाणी. पण ते किती खारं चालेल, हे लिहायचं राहिलं. १९६१ मध्ये ॲरिझोनातल्या वेल्टन-मोहॉक भागाने जमिनीखाली साचलेलं खारं पाणी उपसून नदीत सोडलं आणि मेहिकालीत पिकं जळाली. बरीच वर्षं भांडण चाललं. १९७३ मध्ये अमेरिकेने क्षारांची मर्यादा मान्य केली. त्यासाठी युमाला पाणी गोडं करणारा प्रचंड कारखाना बांधायला घेतला, आणि तो होईपर्यंत खारा निचरा नदीला बगल देऊन वेगळ्या चराने मेक्सिकोतल्या एका ओसाड खारपट्ट्यात सोडून दिला.

कारखाना १९९२ मध्ये तयार झाला. तोवर चराच्या टोकाशी, सिएनेगा दे सांता क्लारा नावाच्या जागी, हजारो हेक्टरांवर पाणकणसं उगवली होती आणि पक्षी येऊन राहिले होते. नदीचा त्रिभुज प्रदेश धरणांमुळे वाळून गेलेला. त्यात हीच काय ती मोठी पाणथळ. कारखाना फारसा चाललाच नाही. २०१० मध्ये वर्षभरासाठी चाचणी म्हणून तो पुन्हा चालवला, तेव्हा तेवढ्या काळासाठी दोन्ही देशांतल्या सरकारी खात्यांनी आणि पर्यावरण संस्थांनी मिळून या पाणथळीसाठी दुसरीकडून पाणी मिळवलं आणि त्याच चरात सोडलं.