क्लच वायरचा वाक

मे महिना, दुपारचे दोन. एरंडोल मागे पडलं होतं, पारोळा अजून यायचा होता आणि मामांच्या जुन्या फोक्सवॅगन कारमान घिया गाडीच्या क्लचचं पेडल एकदम सैल पडून जमिनीला टेकलं. गाडीखाली वाकून पाहिलं. मागच्या टोकाला, आट्यांच्या दांड्याजवळ वायर तुटली होती. तुटलेलं टोक अजून माझ्याकडे आहे. वडाच्या पारंबीसारख्या तारा फिसकटल्यात. काही तारांची टोकं जुनी, काळी पडलेली आहेत, तर चार-पाचच ताजी चकचकीत. म्हणजे बहुतेक तारा कित्येक महिन्यांपूर्वीच गेल्या होत्या आणि उरलेल्या चार-पाच तारांवर आम्ही कन्नडचा घाट चढून आलो होतो.

ही गाडी बीटलच्या सांगाड्यावर उभी आहे. आकार इटलीतल्या तुरिनच्या घियाचा, बांधणी जर्मनीतल्या ओस्नाब्रुकच्या कारमानची, उत्पादन 1955 ते 1974. इंजिन मागे, पाय पुढे. त्यामुळे पेडलपासून क्लचपर्यंत सव्वादोन मीटरच्या आसपास लांबीची वायर गाडीच्या मधल्या बोगद्यातून जाते. पोर्श 911 मध्येही 1986 च्या मॉडेलपर्यंत क्लच केबलचाच होता.

नवी वायर घ्यायची म्हटली की सगळे एकच सल्ला देतात : जाड घ्या, मजबूत घ्या. मीही तेच केलं. बाजारात एका दुकानातून जाडजूड वायर बनवून आणली, बसवून घेतली आणि पुढचे दोन महिने गाडीने आम्हाला छळलं. चूक कुठे झाली हे कळायला आधी केबल काम कशी करते ते पाहावं लागेल.

सायकलच्या ब्रेकची वायर सगळ्यांनी हाताळलेली असते. आत ओढली जाणारी तार म्हणजे इनर, बाहेरची नळी म्हणजे आउटर. अर्नेस्ट बाउडन यांनी 1896 साली या रचनेचं पेटंट घेतलं. इनर खेचली जाते तेव्हा आउटर तेवढ्याच जोराने दाबली जाते. आउटरची दोन्ही टोकं पक्की टेकलेली असतील तरच इनरची ओढ पलीकडे पोहोचते. आउटरचं एक टोक सुटलं, तर इनर कितीही मजबूत असली तरी पेडल दाबल्यावर नुसती नळीच वाकत राहते. घियाच्या बोगद्यात ही नळी वेल्डिंगने धरलेली असते. ते वेल्डिंग सुटलं की पेडल स्पंजासारखं लागतं आणि लोक उगाच नव्या वायरीवर खर्च करत बसतात.

आता वाकाचं गणित. पोळ्याच्या दिवशी उधळलेला बैल आवरायचा तर शेतकरी कासऱ्याला झाडाच्या बुंध्याभोवती दोन वेढे देतो. मग एका हातानेही बैल थांबतो. दोर आणि लाकूड यांचा घर्षणांक 0.3 धरला, तर दोन वेढ्यांनी ताकद सुमारे 43 पट होते. ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे सूत्र सांगतं की एकूण किती अंश वळण आहे यावर घर्षण ठरतं, बुंधा जाड की बारीक यावर नाही. बैलाच्या वेळी उपयोगी पडणारं हेच घर्षण केबलमध्ये आपल्या पायाला जड जातं. वायरीच्या वाटेत सगळी मिळून 90 अंशांची वळणं आहेत असं समजा. क्लचला 40 किलोंची ओढ हवी आणि आत चांगलं ग्रीस आहे (घर्षणांक 0.1), तर पेडलच्या बाजूने 47 किलो ओढावं लागेल. ग्रीस वाळलं, त्यात धूळ बसली आणि घर्षणांक 0.3 झाला, तर तीच ओढ 64 किलोंवर जाते. "क्लच जड झालाय" म्हणून प्रेशर प्लेट बदलण्याआधी केबल सोडून हाताने मागेपुढे ओढून पाहावी, ती याचसाठी.

जाड वायरीचं काय? तार वाकते तेव्हा तिच्या बाहेरच्या बाजूवर ताण येतो, म्हणजे ती बाजू मूळ लांबीच्या काही टक्के लांबते. तारेची जाडी भागिले वळणाचा व्यास, एवढा. 60 मिलिमीटर व्यासाच्या वळणावर 3 मिलिमीटरची सलग सळई वाकवली तर 5 टक्के ताण येईल. पोलाद तिथे कायमचं वाकतं आणि पुन्हापुन्हा वाकवलं की तुटतं. पण त्याच जाडीची वायर 0.3 मिलिमीटरच्या तारा पिळून केली, तर प्रत्येक तारेवर ताण अर्ध्या टक्क्याचाच येतो आणि चांगली तार तो पेलते. म्हणून वायर विकत घेताना नुसती जाडी विचारू नका, टोक उलगडून तारा मोजा. एकाच पिळाची 19 तारांची वायर ताठ असते, सरळ वाटेला उत्तम. सात पेडांची, प्रत्येक पेडात सात तारा असलेली वायर वळणाला चांगली. माझी ती जाडजूड वायर पहिल्या जातीची होती.

फार बारीक वायरही चालत नाही, कारण ती ताणते. ढोबळ हिशोबाने 3 मिलिमीटरची पिळाची वायर 40 किलोंच्या ओढीला सव्वादोन मीटरमध्ये दोनेक मिलिमीटर लांबते. 2 मिलिमीटरची घेतली तर हाच आकडा पाचाच्या घरात जातो. पायाने केलेली हालचाल वायरच खाऊन टाकते आणि गिअर टाकताना करकर आवाज येतो.

जाडजूड वायर काढून सात पेडांची योग्य वायर घातल्यावर पेडल लोण्यासारखं झालं. तरी गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना थरथरायचीच. क्लच प्लेटवर संशय घेऊन आम्ही धुळ्याला एका जुन्या मिस्तरींकडे गेलो. ते गाडीखाली गेले, मागच्या लवचीक नळीवर हात फिरवला आणि तिथूनच म्हणाले, "वायरना दोष नही शे भाऊ, नळीना शे."

गिअरबॉक्सजवळ शेवटचा हातभर भाग लवचीक नळीचा असतो. तो सरळ नसतो, मुद्दाम खाली झोळ देऊन बसवलेला असतो, 25 ते 45 मिलिमीटरचा. गाडी उचलताना इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर किंचित हलतात. नळी सरळ असेल तर ते हलणं थेट क्लचपर्यंत जातं. क्लच क्षणभर पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो, आणि गाडी थरथरते. झोळामुळे वायरीला थोडं घर्षण मिळतं आणि ते या धक्क्यांना जिरवतं. हा झोळ नळीचं टोक आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये वॉशर घालून साधतात. पहिल्यांदा वायर बदलली तेव्हा ते वॉशर परत घातलेच गेले नव्हते. मिस्तरींनी तीन वॉशर घातले, पट्टी लावून झोळ मोजला आणि गाडी पहिल्यासारखी मऊ सुटली.

वळण कमी तितकं चांगलं, असं मी आधी धरून चाललो होतो. या गाडीच्या अभियंत्यांनी मात्र पायाला जाणवणारही नाही एवढं घर्षण मोजून विकत घेतलं होतं. यंत्रातलं इतकं सुंदर काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

खानदेशात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे उन्हाने वायर सैल होते का? जानेवारीतली पहाट 10 अंशांची आणि भुसावळची मे महिन्यातली दुपार 45 अंशांची धरली, तर सव्वादोन मीटर पोलाद जेमतेम एक मिलिमीटरने वाढतं. पण गाडीचा सांगाडाही पोलादाचाच, तोही तेवढाच वाढतो. हिशोब मिटला. ऊन घात करतं ते ग्रीसवर. पातळ होऊन ते ओघळतं आणि उरलेल्यात काळ्या मातीची धूळ मिसळून पॉलिश पेपर तयार होतो. आत नायलॉनचं अस्तर असलेली केबल मिळत असेल तर इकडे ती घ्यावी. तिच्यात जाड ग्रीस मात्र कोंबू नये. मूळ पद्धतीची उघडी वायर असेल तर बसवतानाच पूर्ण लांबीला भरपूर ग्रीस चोळावं.

लांबी जुन्या वायरीवरून मोजू नका, ती ताणलेली असते. गाडीचं वर्ष आणि स्टिअरिंगची बाजू सांगूनच मागवा. टोकं दाबून बसवलेली पाहावीत. डाखाने जोडलेल्या टोकाशी डाख संपतो तिथेच तारा तुटू लागतात. बसवल्यावर फुलपाखरी नट आट्यांच्या मधोमध यायला हवा. वायर ताणली की पेडलची मोकळीक वाढते, क्लच प्लेट झिजली की कमी होते, म्हणजे नटाला दोन्हीकडे जागा लागते. मोकळीक पेडलपाशी 10 ते 20 मिलिमीटर ठेवावी. नवी वायर पहिल्या काही दिवसांत पीळ बसून थोडी लांबतेच, तेव्हा पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा गाडीखाली जायचं, नट फिरवायचा आणि त्याच वेळी झोळावर पट्टी लावायची. मामा आता डिकीत एक जादा वायर, ग्रीसचा डबा आणि तारेत ओवलेले चार वॉशर ठेवतात.