परस, न्हाणीचं पाणी आणि किल्लारीनंतरची अंगणं

न्हाणीचं पाणी ज्या बाजूला वाहायचं, त्या बाजूला मराठवाड्यातल्या घराची बाग उभी राहायची. मोरीच्या तोंडाशी आळू आणि कर्दळ, पुढं केळीचं बेट, थोडं कोरड्यात कढीलिंब, कडेला शेवगा. भोपळ्याचा नाहीतर दोडक्याचा वेल भिंतीवरून माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर चढलेला. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नांदेडकडे जरा जास्त, बीडकडे कमी, आणि उरलेलं वर्ष जवळजवळ कोरडं. अशा मुलखात फुलझाडासाठी आडातून वेगळा पोहरा ओढणं परवडणारं नव्हतं. घरात एकदा वापरलेलं पाणीच झाडाला जायचं. भांडी राखेनं घासली जात, त्यामुळं त्या पाण्यावर आळू-केळी खुशाल वाढायची.

औरंगाबादेतल्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) मलिक अंबरची नहर, बीबीच्या मकबऱ्याची चारबाग, हिमायतबाग या सतराव्या शतकातल्या गोष्टींवर भरपूर लिहिलं गेलं आहे. त्या बागांना राज्याचं पाणी होतं. घरामागच्या चार हात जागेला, परसाला, ते कधीच नव्हतं, म्हणून तिची गोष्ट वेगळी सांगावी लागते.

या जागेला पहिला मोठा धक्का बसला तो १९७२ च्या दुष्काळात. आड आटले, माणसं खडी फोडायला गेली. पिण्याच्या पाण्यासाठी विंधनविहिरींची यंत्रं गावोगाव फिरू लागली आणि हापसे आले. हापशानं जीव वाचवले, यात शंका नाही. पण पाणी घराच्या चौकातून उठून चौरस्त्यावर गेलं. घागर डोक्यावरून आणायची म्हटल्यावर न्हाणीत पाणी कमी सांडतं, आणि न्हाणीत कमी सांडलं की परस आधी सुकतं. पुढच्या वीस वर्षांत कितीतरी आड केरकचऱ्यानं बुजले.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती विसर्जनाची रात्र संपता संपता, चारच्या सुमाराला लातूर जिल्ह्यातला किल्लारी परिसर भूकंपानं हादरला. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. गोल दगड आणि माती यांच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, त्यांना बांधून ठेवणारे जोडदगड नाहीत, वर माळवदाच्या मातीचं ओझं. घरंच माणसांवर पडली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं.

या निर्णयावर आजही एकमत नाही. जाणकारांतले अनेक म्हणत होते की दोष जागेचा नाही, बांधकामाचा आहे. गावठाण तेच ठेवा, घरं नीट बांधा. गावकऱ्यांना मात्र त्या ढिगाऱ्यात परत जायचं नव्हतं. ज्या चौकातून आपल्या माणसांना बाहेर काढलं, तिथंच चूल कशी मांडायची? त्यांची मागणी समजण्यासारखी होती आणि ती मान्य झाली.

पण स्थलांतर करायचं हा एक निर्णय होता, आणि नवं गाव कसं आखायचं हा दुसरा. वाद घालताना हे दोन्ही एकत्र होतात. जुनं गाव दाट होतं. ढाळजेतून (दाराशेजारच्या ओसरीतून) आत गेलं की चौक, चौकात तुळस, आड, एखादं डाळिंब. सगळं भिंतींच्या आत. बाईला डोक्यावरचा पदर न सावरता उन्हाला बसता येईल अशी ती जागा. नवं गाव रस्त्यांच्या सरळ रेषांत आखलं गेलं, घर प्लॉटच्या मधोमध आणि चहूबाजूंनी मोकळी जमीन. घर जमीनधारणेप्रमाणे मिळालं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. गावाचं क्षेत्र जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट झालं. शेजार लांब गेला. जनावरांना, अवजारांना जागा धरलेली नव्हती. आडोसा नव्हता, सावली नव्हती, नळाला पाण्याचा भरवसा नव्हता.

या आखणीवर झालेली टीका बहुतेक खरी आहे. तरीही ती एका गोष्टीला न्याय देत नाही, असं मला ठामपणे वाटतं. ज्याच्या बापजाद्यांना गावकुसाजवळ एका खोलीत दिवस काढावे लागले, त्याला पहिल्यांदा घराभोवती स्वतःची माती मिळाली. लोकांनी हळूहळू काट्यांची, पत्र्याची, मग विटांची कुंपणं घातली. कडुनिंब लावला, सीताफळ, पेरू, लिंबू, जास्वंद लावली. तीस वर्षांत ती झाडं मोठी झाली. घरातलं माणूस गमावलेल्यांसाठी रोज सकाळी कशाला तरी पाणी घालायचं आहे, हे काम लहान नव्हतं. झाड आपल्यावर अवलंबून आहे, म्हणून उठायचं. मोकळी जागा सोडली ही चूक नव्हती. त्या जागेपर्यंत घरातलं पाणी कसं जाईल याचा विचार केला नाही, ही चूक होती. न्हाणी एका कोपऱ्यात, गटार रस्त्याच्या बाजूला, आणि मागची माती कोरडी.

हिरवळीनं माणूस सावरतो याला पुरावा मागणाऱ्यांसाठी एक जुना अभ्यास आहे. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. तिथं झाडं नुसती दिसत होती. परसात तर हात मातीत असतात, जास्वंदीवर फुलचुख्या येतो, साळुंक्या भांडतात, आणि चार भेंड्या निघाल्या तर त्या शेजारी द्यायला मिळतात.

२००० नंतर ग्रामस्वच्छतेच्या मोहिमा आल्या आणि रस्त्यावर वाहणारं सांडपाणी हा गावाचा कलंक ठरला. नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे घेतले. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. डबकी गेली, डास हटले. हे मोठं काम आहे. पण अनेक ठिकाणी आळूचा वाफाही त्याच खड्ड्याखाली गेला, आणि घरच्या भाजीपाल्यासाठी पोषण परसबागेची मोहीम आली तेव्हा पाणी कुठलं घालायचं हा प्रश्न उभा राहिला.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं गेलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती त्याआधीच जमावबंदी लागली होती. अशा उन्हाळ्यात तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाज्या धुतलेलं कढीलिंबाला, एवढाच हिशेब उरतो.

खड्डा आणि वाफा यांतलं एकच निवडायची गरज नाही. न्हाणीचं पाणी आधी जाळीतून आणि वाळूच्या थरातून गाळून केळी-कर्दळीच्या चरात सोडायचं, जादा झालेलं शोषखड्ड्यात उतरवायचं. पाणी साचत नाही, त्यामुळं डासही होत नाहीत. पथ्य साबणाच्या पावडरीचं. तिच्यातल्या सोडियमनं काळी माती घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं. म्हणून कपड्यांचं पहिलं पाणी खड्ड्यात, खळबळल्याचं चरात, आणि पालेभाजीच्या वाफ्यात या दोन्हींतलं कुठलंच नाही.