फ्लॅश सेटिंग (डिजिटल कॅमेरा)

फ्लॅश केव्हा, किती जोराने आणि शटर उघडे असताना नेमका कोणत्या क्षणी पेटावा हे ठरवणारी कॅमेऱ्यातील सोय. ऑटो, सक्तीचा फ्लॅश, स्लो सिंक (फ्लॅशबरोबर शटर अधिक वेळ उघडे), रिअर कर्टन (शटर मिटण्याच्या जरा आधी फ्लॅश), रेड-आय (डोळ्यांतील लाली टाळणारा) व बंद हे तिचे नेहमीचे पर्याय.

विजेच्या फ्लॅशचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. इंग्रज छायाचित्रकार टॅल्बट यांनी १८५१ मध्ये लायडन-पात्रांच्या (वीज साठवणाऱ्या काचेच्या भांड्यांच्या) ठिणगीच्या उजेडात फिरत्या चकतीवरील छापील कागद टिपला. काही अभ्यासक तेथूनच सुरुवात मानतात. इतर अमेरिकन अभियंते एजर्टन यांच्या १९३० च्या दशकातील वायुभरित नळीला मान देतात. आजच्या झेनॉन वायूच्या फ्लॅश-नळीशी थेट नाते दुसऱ्या प्रयोगाचे असल्याने ते मत अधिक ग्राह्य वाटते. मधल्या काळातील मॅग्नेशियमची भुकटी (सु. १८८७) व फ्लॅशबल्ब (सु. १९३०) ज्वलनावर चालत.

फ्लॅशचा पल्ला काढण्यासाठी गाइड नंबरला (फ्लॅशच्या ताकदीच्या आकड्याला) ॲपर्चरच्या (भिंगाच्या छिद्राच्या) आकड्याने भागतात. आयएसओ (प्रकाश-संवेदनक्षमता) १०० ला गाइड नंबर १२ (मीटर) असलेला अंगचा फ्लॅश एफ/४ ला ३ मी. पोहोचतो, आयएसओ ४०० केल्यास ६ मी. रस्त्यापलीकडून टिपलेला गोव्याच्या शिगम्याचा रोमटामेळ (ढोलताशांची मिरवणूक) काळा येतो तो यामुळेच.

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भर दुपारी माणूस उन्हाकडे पाठ करून उभा राहिला की चेहरा काळवंडतो. उजेड भरपूर दिसत असल्याने ऑटोत फ्लॅश बहुधा पेटतच नाही, सक्तीचा लावावा. आयएसओ १०० व सिंकच्या (फ्लॅश साधेल अशा शटर-वेगाच्या) मर्यादेतील १/२०० सेकंद धरल्यास ॲपर्चर एफ/११ वर जाते आणि वरील फ्लॅशचा पूर्ण पल्ला जेमतेम १.१ मी. उरतो. सावली नुसती उजळायची तर एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा प्रकाश पुरतो, म्हणजे दीड मीटरपर्यंत चालते. हाय-स्पीड सिंकने (त्या मर्यादेपलीकडे चालणाऱ्या फ्लॅशने) शटरचा वेग वाढवता येतो, पण पल्ला आणखी घटतो.

दिवजोत्सवात (सुवासिनी पेटते दिवे घेऊन देवळाभोवती फिरतात तो गोव्यातील उत्सव) उलट अडचण : ऑटोत चेहरे पांढरे, देऊळ काळे आणि ज्योतींचा पिवळेपणा नाहीसा. स्लो सिंक, आयएसओ ८००, सुमारे १/१५ सेकंद, फ्लॅश दीड स्टॉप कमी व त्यावर नारिंगी जेल (पारदर्शक रंगीत पापुद्रा) हा मेळ बसतो. सुवासिनी चालत असतील तर रिअर कर्टन घ्यावा. त्यात ज्योतींच्या रेषा मागे राहतात, साध्या (सुरुवातीलाच फ्लॅश पेटणाऱ्या) सिंकमध्ये त्या पुढे धावतात.

रेड-आयची आधीची चमक बाहुल्या आकुंचित करते, मात्र मुख्य फ्लॅश उशिरा पडतो. पावसात भिंगाजवळचे थेंब पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात. तेव्हा फ्लॅश बंद ठेवावा किंवा कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला धरावा.